फुटामागं एक सूत

लोखंड थंड होताना आकसतं.
म्हणून आमची पट्टी थोडी लांब असते,
फुटामागं एक सूत.
उद्यमनगरात पॅटर्न करणाऱ्या सुताराच्या खिशात
अशी एक पट्टी असतेच.
कापडवाल्याला दाखवाल तर मार खाल.

फौंड्रीमागं साच्यांची खोली होती.
पंप, चाकं, गिअर, सगळी सागवानी,
धुळीत झोपलेली.
मगदूम बाई चपला दारात काढून मालकांकडं आल्या.
चार रविवार द्या, पोरांना प्रयोग दाखवायचेत.
मालक म्हणाले, घ्या, पण साच्यांना हात नाही लावायचा.
चावी माझ्याकडं आली.

पहिल्या रविवारी सात पोरं.
दुसऱ्या रविवारी तीन, खासबागेत कुस्त्या होत्या.
बाईंनी तिघांनाही तेवढंच शिकवलं.
कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून
एकेकाला वाकायला लावलं.
सगळ्यात शेवटी मीही वाकलो.
विटा. भिंतीच भिंती.
एवढी वर्षं कांदा खाल्ला,
आत कुणी गवंडी राबतोय हे ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तस्लीम शिकलगार
टेबल मोजायला माझीच पट्टी घेऊन बसली.
शाळेच्या पट्टीनं पुन्हा मोजलं. पुन्हा.
मग सगळ्यांदेखत म्हणाली,
"काका, तुमची पट्टी खोटं बोलतीया."
मी तोंड उघडलं,
बाईंनी डोळ्यानंच गप्प केलं.
आठवडाभर पोर बेचैन.
कात्र्यांना धार लावणाऱ्या बापाला विचारलं,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामाला विचारलं,
आणि रविवारी दारातूनच ओरडली,
"ओतताना तापलेलं असतंय! लोखंड तापलेलं असतंय!"

चार रविवार संपले.
मालकांनी चावी मागितली नाही.
मीही आठवण करून दिली नाही.

वाढलं कसं म्हणून विचाराल
तर सरळ रेघेत काही झालं नाही.
ग्रहणाला दीडशे माणसं, पोरांपेक्षा आयाच जास्त,
चाळणीतून फरशीवर पडलेल्या
सूर्याच्या कोरी मोजत.
पुढच्या आठवड्यात पाच पोरं आणि एक मांजर.
गडहिंग्लजहून एक मास्तर एसटीनं यायचे,
बादलीत बेडकाची पिल्लं, पाण्यासकट.
कंडक्टर म्हणायचा, ह्यांचं अर्धं तिकीट काढा.
कुणी झेरॉक्स मशीनचं भिंग दिलं,
कुणी चहा, कुणी नुसतेच सल्ले.

पुराच्या साली खोलीत छातीभर पाणी.
तस्लीमनं सूक्ष्मदर्शक डोक्यावरून काढला.
साचे तरंगत निघाले, चाकं न् गिअर,
जन्मात पहिल्यांदा कुठंतरी जायला मिळाल्यासारखे.
छावणीत पोरं काय करणार?
दर तासाला पायरीवर कोळशानं रेघ,
कागदावर ठिपके,
ठिपके जोडून तालमीच्या फळ्यावर.
चौथ्या पहाटे रेघ आडवी झाली.
वाचायला येत नव्हतं त्यांनाही ती वाचता आली.
पाणी थांबलंय.
पोरं बिघडवताय म्हणून बाईंशी भांडलेले वस्ताद,
त्यांनी महिनाभर तो फळा पुसू दिला नाही.

मग फौंड्री कागलला गेली,
जागा केंद्राला राहिली.
नकाशा आला. हॉल साठ पोरांचा.
मी म्हटलं, फुटामागं एक सूत वाढवा.
इंजिनिअर हसला.
बाई हसल्या नाहीत. वाढवा म्हणाल्या.
तेव्हा त्यांना बोलतानाही धाप लागायची.
भिंती त्यांनी पाहिल्या. छत नाही.

आता दोन मजले आहेत.
रविवारचा वर्ग तस्लीम घेते.
काल दारात बसून
उरल्यासुरल्या साच्यांना तेल लावत होतो,
आतून एका पोराचा आवाज आला,
"मॅडम, ही पट्टी चुकलीया."
मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो.
ती काहीच बोलली नाही.
दुसरी पट्टीही त्याच्या हातात दिली
आणि खिडकी उघडायला गेली.